पंखा आणि कानटोपी

निफाडकडच्या एका द्राक्षाच्या गावात एक किराणा दुकानदार होता. अंगाने भलताच दांडगा. गल्ल्यामागे बसायला त्याने सुताराकडून मुद्दाम रुंद बाकडं करून घेतलं होतं, आणि त्या बाकड्याच्या बरोबर वर एक पंखा होता. तो पंखा बाराही महिने फिरायचा.

बाराही म्हणजे खरोखरच बाराही. निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते. असल्या दिवसांतही हा गडी सकाळी सकाळी बनियनवर बसायचा. गिऱ्हाइकं शाल सावरत म्हणायची, "शेठ, साखर बांधेपर्यंत तरी पंखा बंद करा." तो हसायचा आणि गळ्यातल्या टॉवेलने मान पुसायचा.

घरी तीच गत. बायको दोन गोधड्या पांघरून भिंतीकडे तोंड करून झोपायची. पंख्याचं बटण त्याच्या उशाशी होतं. लग्नाला २४ वर्षं झाली होती, आणि त्या बटणावरून त्यांच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशांवरूनही झाली नव्हती.

घरातला वजनकाटा १२० वर थांबायचा. म्हणून तो रात्री शटर अर्धं ओढून पोती मोजायच्या काट्यावर उभा राहायचा. एकदा काट्याने १४२ दाखवले. साखरेचं पोतं ५० किलोचं. दुकानदाराने मनात हिशेब केला, तीन पोत्यांना आठ किलो कमी. आणि वाहणारा हमाल आपण एकटेच.

गुडघे बोलायला लागले होते. मधुमेह होताच. रात्री घोरता घोरता मध्येच श्वास अडकायचा आणि बायको दचकून त्याला हलवायची. शेवटी नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सुचवलं. आईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "धडधाकट पोट कापून घेतोस? जीभ आवर की." गावातही असंच म्हणणारे बरेच निघाले. पण जीभ आवरायचे प्रयोग त्याने वीस वर्षं केले होते, आणि दर वेळी उतरलेलं वजन व्याजासकट परत आलं होतं. जून महिन्यात तो भरती झाला.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. जठराचा बाहेरच्या बाजूचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढला आणि उरलं ते केळ्याएवढं. घरी सोडताना हातात एक छापील कागद दिला. घास लहान घ्या, नीट चावा. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने प्या. ताटात आधी डाळ, अंडं, पनीर, भाकरी मागून. लोह, कॅल्शियम, बी-१२ च्या गोळ्या कायमच्या. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासा. दुकानदाराने तो कागद दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवला.

वजन उतरू लागलं. दसऱ्याला काटा ११२ वर आला. घोरणं थांबलं, साखरेची एक गोळी बंद झाली. रुंद बाकड्यावर आता त्याच्या शेजारी जागा उरायची, आणि तिथे शेजारच्या घरातलं मांजर येऊन बसायला लागलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "शेठ, ओळखू येईना!" नाके मुरडणारेही आता हळूच डॉक्टरचा नंबर मागू लागले. माणसाला सुखी करायला याहून जास्त काय लागतं?

तुळशीचं लग्न झालं आणि हवेत गारवा आला. एका सकाळी दुकानदाराने उठून स्वतःच्या हाताने पंखा बंद केला. बायको पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली आणि थांबलेल्या पात्यांकडे बघत राहिली.

पंख्यानंतर स्वेटर आला. स्वेटरनंतर कानटोपी आली, मग पायमोजे. भर दुपारी तो गल्ला पोऱ्याच्या हवाली करून दुकानासमोर उन्हात स्टूल टाकून बसू लागला. ऊन सरकेल तसं स्टूल सरकायचं. गिऱ्हाइकांना मोठी गंमत वाटायची. "शेठ, लावू का पंखा?" तो पूर्वीसारखाच हसायचा. पण एकदा एक लहान मुलगी चॉकलेट घ्यायला आली. त्याने सुट्टे पैसे तिच्या तळव्यावर ठेवले, तशी तिने हात झटकन मागे घेतला. "काका, तुमची बोटं बर्फासारखी आहेत." त्या वेळी त्याला हसू आलं नाही.

रात्री तर फारच हाल व्हायचे. बायको एका गोधडीत सुखाने झोपलेली, आणि हा तिच्या दोन्ही शाली अंगावर घेऊन गुडघे पोटाशी ओढून पडलेला. बाहेरून गुंडाळावं तेवढं कमी. थंडी बाहेरून येतच नव्हती, ती आतून येत होती.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. आई म्हणाली असती, "मी सांगत नव्हते?" गाव म्हणालं असतं, "रक्त आटलं बघ." शिवाय त्याचा आपला दुकानदारी हिशेब होता. ३८ किलो गेले आणि बदल्यात जराशी थंडी मिळाली, तर सौदा स्वस्तातच पडला. माल परत करायला जायचं कशाला?

थंडीवर उपाय म्हणून त्याने चहा धरला. तासातासाला अर्धा कप. पोट केळ्याएवढं, ते चहानेच भरायचं. भाकरीचा घास घशाखाली अडकल्यासारखा व्हायचा, डाळीचा वास नको वाटायचा, मग चहात एक टोस्ट बुडवला की जेवण झालं. लोहाच्या गोळीने पोट कडक व्हायचं आणि शौचाला काळं व्हायचं; ते बघून तो घाबरला आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. बाकीच्या गोळ्या दिवाळीच्या गर्दीत संपल्या त्या संपल्याच. रक्त तपासायचं राहून गेलं. काटा उतरतोय ना, मग तपासायचं काय?

डिसेंबरच्या शेवटी कडाक्याची लाट आली. दुकानदाराच्या घरामागेच चुलतभावाची द्राक्षबाग होती. घडांत पाणी भरत होतं, आणि नेमक्या या वेळी पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. म्हणून पहाटे चारला भाऊ बागेत उतरायचा. बांधावर ठिकठिकाणी पाचट आणि काटक्यांच्या शेकोट्या पेटवायचा, पंप सुरू करून वेलींच्या बुडाशी पाणी सोडायचा. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं.

दुकानदाराला झोप नव्हतीच. तो उठला आणि एका शेकोटीशी जाऊन बसला. भावाला वाटलं, मदतीला आला. पण तो नुसता बसून राहिला. पाय सरकवत सरकवत पार निखाऱ्यांपाशी नेले, तरी बोटांना ऊब लागेना. बोटांत हल्ली मुंग्याही यायच्या. मग कसलासा जळका वास आला.

"अरे, चप्पल पेटली तुझी!"

मागे आई उभी होती. उघडं दार बघून ती घोंगडी घेऊन आली होती. त्याने पाय ओढला. चपलेचा रबरी तळ वितळून कडेला मेणासारखा ओघळला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

आई खाली बसली. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. सत्तरी उलटलेल्या बाईचे हात ते, पण त्याच्यापेक्षा गरम होते.

"ही थंडी माझ्या ओळखीची आहे," ती म्हणाली.

"कोणती?"

"बहात्तरची."

मग तिने सांगितलं. नवं लग्न झालं होतं, सतरा वर्षांची होती. सिन्नरकडच्या माहेरी पाऊस नाही, इकडेही विहिरी कोरड्या. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. खायला कामावर मिळायची ती सुकडी, आणि रेशनवरची लाल मिलो. "त्या हिवाळ्यात भर दुपारी हातोडा हातात असायचा आणि दात वाजायचे. घाम यावा असं काम, आणि अंगावर काटा. सासूबाई म्हणायच्या, पोरी, अंगातला विस्तव झाकला गेलाय."

"म्हणजे?"

"चुलीत लाकूड कमी असलं की बाई काय करते? निखाऱ्यावर राख ओढते. विझू द्यायचा नाही, पण भडकूही द्यायचा नाही. उद्यासाठी राखायचा. अंगही तेच करतं." ती क्षणभर थांबली. "तू काल दिवसभरात काय खाल्लंस?"

"पोट भरतं माझं, आई."

"पोट भरतं ते दिसतंय. अंगी काय लागतं ते विचारते."

दुकानदार गप्प झाला. जन्मभर लोक त्याला म्हणत आले होते, याला पाणी प्यायलेलंही अंगी लागतं. हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्याने बोटांवर मोजलं. पाच-सहा चहा, तीन टोस्ट, संध्याकाळी दोन चमचे खिचडी. चौथं बोट लागलं नाही.

पलीकडे भाऊ शेकोटीत काटक्या सारत होता. दोघं काहीच बोलली नाहीत. उजाडेपर्यंत बसली, आणि उजाडल्यावर आई म्हणाली, "मी ऑपरेशनला नाही म्हणाले होते ते आता विसर. मला नाशिकला घेऊन चल."

डॉक्टरीणबाईंनी आधी कानटोपी काढायला लावली, मग डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढुरकं होतं. रक्त घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट समोर ठेवून त्या बोलू लागल्या.

"कातडीखालची चरबी ही गोधडीच असते. ती तुमची बरीचशी गेली, आणि जेवण कमी म्हणून थोडे स्नायूही गेले. अंगातली बरीच ऊब तर स्नायू तयार करतात. अन्न पचवताना जी ऊब होते, तीही घटली. वर शरीर आपणहून जपून जाळायला लागतं, थायरॉईडचं कामही जरा मंदावून घेतं. त्याला ऑपरेशन कळत नाही हो. त्याला वाटतं, दुष्काळ पडलाय."

आईने मुलाकडे पाहिलं नाही. पदर सारखा केला.

"इथपर्यंत घाबरायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "असं पुष्कळांना होतं. वजन एका जागी थांबलं, खाणं मार्गी लागलं की बऱ्याच जणांचं कमी होतं. पण तुमचं तेवढंच नाही." त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. हिमोग्लोबिन ९.२. बी-१२ तळाला. थायरॉईडचा आजार मात्र नव्हता. "उरलेल्या जठरात आम्ल कमी, म्हणून लोह कमी मुरतं. बी-१२ मुरायला जठरातूनच एक रस लागतो, तोही कमी. गोळ्या त्यासाठी होत्या. आणि जे थोडं लोह पोटात जात होतं, ते तुमच्या चहाने अडवलं. थंडी वाजते हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही."

"का?"

"एवढं वजन उतरलं, त्यापुढे थंडीचं काय कौतुक."

"शेठ, रोज मालात शंभर ग्रॅम कमी भरायला लागले तर तुम्ही काय कराल? एकूण विक्री चांगली आहे म्हणून सोडून द्याल?"

"काटा तपासेन."

"मग?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. बाईंनी नवा कागद लिहिला. बी-१२ ची इंजेक्शनं. लोहाची दुसरी, पोटाला सोसेल अशी गोळी, लिंबूपाण्याबरोबर. तिच्या आगेमागे दोन तास चहा नाही, आणि कॅल्शियम तिच्यापासून लांब, वेगळ्या वेळी. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं, मग ती अंड्यातून येवोत, पनीरातून येवोत की मुगातून. रोज चालणं आणि हातांना थोडं वजन. गरम पाण्याची पिशवी घेतली तर कापडात गुंडाळून, कारण मुंग्या येणाऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. "आणि धाप लागली, चालताना तोल जायला लागला, किंवा थंडीबरोबर ताप आला, तर चार दिवस वाट बघू नका. फोन करा."

या खेपेला कागद कॅलेंडरमागे गेला नाही. बायकोने तो फ्रीजवर चिकटवला. आईने हुलग्याचं कढण करायला घेतलं, पातळ, लसणाची फोडणी दिलेलं, आणि दोन तासांनी एक वाटी असं मोजून देऊ लागली. सकाळी मुगाचं धिरडं आणि अंडं. दुकानात तो पाच किलोच्या आट्याच्या पिशव्या दोन हातांत धरून वर-खाली करायचा. गिऱ्हाइकांना ही नवी गंमत मिळाली. चहा दोनच वेळा, तोही जेवणापासून लांब. पहिले आठ दिवस चहावाचून त्याचं डोकं असं दुखलं की तो मांजरावरसुद्धा खेकसला.

थंडी एका दिवसात गेली नाही. संक्रांतीला कानटोपी होतीच. महाशिवरात्रीच्या सुमारास एकदा ती सकाळी खुंटीवरच राहिली आणि दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. बोटांतल्या मुंग्या त्याही आधी कमी झाल्या होत्या. मार्चमध्ये हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. पायमोजे मात्र राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहू देत, बिघडलं कुठे?

कित्येक पिढ्यांनी विस्तव राखेखाली झाकून दिवस काढले, आणि तीच शहाणी खोड आपल्या हाडांत उतरली आहे. पोट कापून माणूस एका दिवसात बदलतो. अंगाला ती बातमी पोचायला वेळ लागतो. तोवर ते आपल्या रीतीने घर सांभाळत असतं, आणि आतून कुडकुडत ठेवून निरोप पाठवत असतं की इंधन धाडा. अंगावरून उतरवलेलं ओझं एवढी वर्षं पांघरुणाचंही काम करत होतं, हे दुकानदाराच्या हिशेबात कुठे धरलेलंच नव्हतं.

आईने त्याचे जुने सदरे काढले. एकेका सदऱ्यात आता दोन माणसं मावली असती. उसवून, धुवून, एकावर एक घालून तिने वाकळ शिवायला घेतली. डोळे साथ देत नव्हते, टाके वाकडे पडत होते. एका सदऱ्याचा खिसा उसवायचा राहिला तो तसाच वरच्या थरात गेला. दुकानदाराला झोपेत त्या खिशात हात घालून ठेवायची सवय लागली. एके रात्री आत काहीतरी लागलं म्हणून त्याने दिवा लावून पाहिलं. उधारीची चिठ्ठी होती, धुऊन धुऊन अक्षर गेलेली. कोणाकडे किती येणं होतं ते आता देवालाच ठाऊक.

चैत्र लागला. दिवसा डांबर मऊ पडू लागलं. द्राक्षं केव्हाच बागेतून गेली होती आणि भावाची खरड छाटणी चालू होती. एका रात्री बायको या कुशीवरून त्या कुशीवर वळत होती. झोपायची बाजू त्यांनी हिवाळ्यातच बदलली होती; भिंतीकडे आता तो झोपायचा, तिकडे वारं लागत नाही म्हणून. बटण तिच्या उशाशी आलं होतं.

"अहो," ती अंधारात म्हणाली, "लावू का?"

त्याने वाकळ पायांवर ओढली आणि हात खिशात घातला.

"लाव," तो म्हणाला. "पण एकावर."